अकरा खडे

अकरा खड्यांवरून मी एका बाईला चोर म्हटलं. भर दुपारी, वॉर्डाच्या मधोमध उभं राहून, अठरा बायकांच्या देखत. खडे तुरीच्या डाळीतले होते, एकेक डाळीएवढाच. सगळे मिळून चिमूटभर भरले नसते. एवढ्या वजनाची चोरी कोण करील, हा साधा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. तो दुसऱ्या दिवशी पडला आणि त्यानंतर अधूनमधून पडतोच आहे.

ती बाई म्हणजे आमच्या दवाखान्यातली नर्स, राहेलबाई. दवाखाना नगर शहराबाहेर होता, फक्त बायकांचा. त्याचं नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती, दवाखान्याची नव्हती. मी तिथे कोठीचा कारकून होतो. धान्य, डाळी, गूळ, घासलेट, चादरी, सगळं माझ्या ताब्यात. लढाईचे दिवस होते. बाजारातल्या डाळीत डाळ किती आणि माती किती हे सांगता येत नसे. पण माझ्या कोठीची गोष्ट वेगळी होती. आलेली डाळ मी दोन बायकांकडून दोनदा निवडून घेई आणि तिसऱ्यांदा स्वतः चष्मा लावून बघे. "माझ्या कोठीतून खडा बाहेर जात नाही," असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. कोणी विचारलेलं नसतानाही.

आता राहेलबाई. वय पन्नाशीकडे झुकलेलं, अंग थोराड, चाल अशी की वॉर्डातले पाण्याचे तांबे किणकिणत. जन्म श्रीगोंद्याकडच्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरातला. दवाखान्यात पंचवीस वर्षं काढूनही बोली गावचीच राहिली होती. पांढऱ्या साडीवर ती एक एप्रन बांधी. त्याच्या खिशांत काय नसे? दोरा, वेलदोडे, चिंध्या, मोडका कंगवा. आणि त्या खिशात ती चालताना सारखी काहीतरी चाळवत असे. ते खडे होते, हे मला फार उशिरा कळलं.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. ऑपरेशनच्या भीतीनं रडणाऱ्या बाईपुढे ती कमरेवर हात ठेवून उभी राही आणि म्हणे, "भ्यायचं तर खुशाल भी. पन हात रिकामा न्हाई पायजे."

"रडू नको" असं तिनं कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. "सगळं ठीक होईल" असंही नाही. उलट नवी बाई आली, भेदरून खाटेच्या कोपऱ्यात बसली, की राहेलबाई तिच्याच खाटेवर धपकन बसे आणि स्वतःचं कपाळ धरी. "अगं बाई, माझं डोकं लई ठणकतंय गं. जरा दाब ना." ती बिचारी आपलं दुखणं विसरून नर्सचं डोकं दाबायला लागे. एकदा डॉक्टरबाई अचानक फेरीला आल्या. बघतात तो सकाळी दाखल झालेली पेशंट उठून बसलेली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून आमच्या नर्सबाई डोळे मिटून पडलेल्या.

"राहेलबाई, पेशंट कोण आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आत्ता मी हाय बाईसाहेब," राहेलबाई डोळे न उघडता म्हणाली. "चार वाजंपत्तूर ती हुईल."

डॉक्टरबाई पुढच्या खाटेकडे वळल्या. त्यांचा राहेलबाईवर का विश्वास आहे हे मला समजत नसे. मला ती एक वाह्यात बाई वाटे, हे इथे कबूल करतो.

कारण तिची चिठ्ठी कोठीत आली की माझं डोकं फिरे. एकदा तिनं फुंकणी मागितली. चुलीची, लोखंडी.

"वॉर्डात चूल कुठे आहे?" मी विचारलं.

"चूल न्हाई. बाया हायेत."

"मग फुंकणी कशाला?"

"फुकायला," ती म्हणाली, आणि मी काही बोलण्याआधीच फुंकणी उचलून चालती झाली.

मी मागोमाग गेलो. भिंगारची झुलेखाबी नावाची एक बाई होती. तिला ऑपरेशनच्या टेबलाच्या नुसत्या विचारानं धाप लागे, ओठ निळे पडत. राहेलबाईनं फुंकणी तिच्या तोंडाला लावली. "जाळ लागलाय का? न्हाई. लाकूड वलं हाय. दमानं फुक. लांब. आता थांब, धूर जाऊ दे. पुन्ना." झुलेखाबी त्या नसलेल्या चुलीवर फुंकर घालत राहिली. पंधराव्या फुंकरीला तिचा श्वास माझ्यापेक्षा संथ झाला होता. मी तेव्हाही एवढंच पाहिलं की, कोठीची फुंकणी वाया चालली आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती बाईला हाताला धरून टेबलाच्या खोलीत नेई आणि आधी स्वतः त्या टेबलावर आडवी होई. "हे बघ. तुज्या बाजंपरीस बरं हाय. ढेकनं न्हाईत." बांगड्यांचंही तसंच. टेबलावर जाताना काचेच्या बांगड्या काढायचा नियम होता आणि त्यावरून बायका जेवढ्या रडत तेवढ्या सुरीला घाबरून रडत नसत. सवाष्णीचे हात भुंडे करायचे म्हणजे काय, हे राहेलबाईला सांगावं लागत नव्हतं. ती खिशातल्या चिंध्या काढी आणि बांगड्या कोपरापाशी सरकवून त्यांवर पट्टी गुंडाळी. म्हणे, "माजा येशू हाय, तुजी देवी हाय. दोगं बगून घेतील. बांगडी न्हाई फुटायची."

तर ही राहेलबाई एक दिवस माझ्या कोठीत आली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, सैपाकाला जाणारी डाळ आधी माज्या वॉर्डात पाटवत जावा. बाया निवडतील."

"डाळ तीनदा निवडलेली असते."

"चवथ्यांदा निवडतील."

मला राग आला. पण डॉक्टरबाईंनी मान डोलावली, तेव्हा माझा इलाज चालला नाही. रोज दुपारी डाळ वॉर्डात जायला लागली. खाटाखाटांवर सुपं आली. आणि तिसऱ्याच दिवशी व्हरांड्यात उन्हाला बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "भाऊसाहेब, तुमच्या डाळीत खडे हुते की. नऊ काढले मी."

मी म्हटलं, शक्य नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी म्हणाली, "माज्या सुपात अकरा." मग रोजच ते सुरू झालं. मी व्हरांड्यातून जायला लागलो की बायका एकमेकींकडे बघत. एक जण मागून पुरतं ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, "भिंगं लावतोय, पन दिसत काय न्हाई." सगळ्या हसल्या. ज्या दिवशी त्या मला हसत त्या दिवशी वॉर्डात रडणं नसे, हेही मला कोणीतरी सांगितलं होतं. ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी घरी जाऊन जेवताना ताटातली डाळ चिवडत बसे.

मग मी डाळ चौथ्यांदा बघायला लागलो. तरी खडे निघतच. शेवटी एका दुपारी मी वॉर्डाच्या खिडकीबाहेर उभा राहिलो. कोठीचा कारकून चोरासारखा खिडकीआड उभा होता, हेही लिहून ठेवतो. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. राहेलबाई सुपात डाळ घेत होती. तिनं इकडेतिकडे बघितलं, एप्रनच्या खिशात हात घातला, मूठ डाळीत सोडली आणि सूप दोनदा हलवलं.

आदल्या आठवड्यात मी तिला विहिरीपाशी वाकून बारीक खडे वेचताना, ते धुऊन रुमालावर वाळत घालताना पाहिलं होतं. त्या वेळी वाटलं, नाहीतरी ही बाई थोडी खुळीच आहे. आता मला सगळं उलगडलं. व्यापारी काय करीत होते त्या दिवसांत? माल काढायचा, वजनाला खडे घालायचे. ही तेच करते आहे. डाळ घरी नेते आणि वर माझी अब्रू घेते.

मी तोलून बघायला हवं होतं. तागडी माझ्याच खोलीत टांगलेली होती. जिन्नस तोलल्याशिवाय मी गुळाचा खडा कुणाला दिला नसता. पण त्या दिवशी माणसाची गोष्ट होती, तर मी तागडीकडे बघितलंसुद्धा नाही. तडक वॉर्डात गेलो.

"राहेलबाई," मी म्हणालो, "डाळीत खडे तुम्ही टाकता."

अठरा बायकांचे हात सुपांवर थांबले. राहेलबाई माझ्याकडे बघत राहिली.

"टाकता की नाही? मी पाहिलंय. खिशात आहेत अजून. दाखवा या बायकांना."

तिचा हात खिशावर गेला.

"डाळ जाते कुठे मग? खड्यांनी वजन भरायचं आणि डाळ घरी न्यायची, हीच चोरी ना?"

तिनं एकदा त्या बायकांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मला वाटलं, शरमली. खरं म्हणजे ती काय बोलता येईल आणि काय येणार नाही ते बघत होती. मग तिनं खिसा उलटा केला. खडे फरशीवर पडले. एवढंच म्हणाली, "व्हय. मीच टाकले." कशासाठी, ते बोलली नाही. कमरेची वॉर्डाच्या कपाटाची किल्ली काढून मेजावर ठेवली आणि बाहेर गेली.

मी फार मोठं काम केल्यासारखा छाती काढून उभा होतो. तेवढ्यात खिडकीजवळच्या खाटेवरच्या भागूबाईनं मांडीवरचं सूप उचलून खाली ठेवलं. आपटलं नाही, नुसतं ठेवलं. मग एकेकीनं आपापलं सूप खाली ठेवलं.

भागूबाई पारनेरकडची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. पोटात गाठ होती. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की, ही गाठ महिन्याभरात काढली नाही तर बाई हाती लागायची नाही. घरी दोन लहान पोरं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन ठरलेलं. सकाळी तिला न्यायला गेले, तर खाट रिकामी होती. चादर घडी करून ठेवली होती. सासूला घेऊन ती पहिल्या मोटारीनं गावी निघून गेली होती.

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. राहेलबाई दाराशी उभी राहिली.

"खडे टाकलेत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"व्हय."

"का?"

"बाई, निवडलेल्या डाळीत हात कशाला गुतंल?" राहेलबाई म्हणाली. "खडा असला तर नजर गुतती. नजर गुतली की जीव थाऱ्यावर येतो. आन् मला कळतं पन. अकरा टाकते. नऊ-धा काढले तर बाई टेबलावर जायला तयार हाय. चारच काढले, आन् पांढरे ढळढळीत खडे तसेच राह्यले, तर तिला डाळ दिसतच न्हाई, टेबल दिसतंय. मंग मी तुमाला म्हनते, आज नगा घेऊ."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून मेजावर ठेवला. "म्हणजे तुम्ही 'आज नको' म्हणायच्या ते यावरून?"

"व्हय. राह्यलेले खडे मी मागनं काढून घेते. कुनाच्या दाताखाली गेला न्हाई."

"मग काल वॉर्डात सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "अठरा जनी सुपं घेऊन बसल्या हुत्या, भाऊसाहेब. त्यास्नी कसं सांगू, की तुमचं काम खोटं हाय? खोटं काम बाईला करवत न्हाई. चोर म्हनला त्ये चाललं मला."

डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "डाळ तोललीत का?"

मी कोठीत जाऊन तोलली. रोजची आणि शिलकीची, सगळी. छटाकभरसुद्धा कमी नव्हती. तागडीचा काटा मधोमध उभा राहिला आणि मी त्याच्यापुढे.

परत आलो तेव्हा राहेलबाई म्हणत होती, "मी जाते तिला आनायला."

"मीही येतो," मी म्हणालो.

"तुमी कशापायी? तिला तोलायला?"

तरी गेलो.

पारनेरच्या रस्त्याला एका फाट्यावर मोटारीतून उतरून पुढे दोन कोस चालायचं होतं. माळरान, मुरूम, ऊन. राहेलबाईनं बरोबर सूप आणि फुंकणी आणली होती. मोटारीतून उतरताच दोन्ही माझ्या हातात दिली. "हात रिकामा न्हाई पायजे." कोट, टोपी, डोक्यावर उन्हाला आडोसा म्हणून सूप आणि बगलेत फुंकणी, अशा थाटात मी चाललो होतो. वाटेत एक मेंढका उभा होता. त्यानं विचारलं, "काय राव, इकायला काडलंय का? सूप केवढ्याला?"

"इकायचं न्हाई," राहेलबाई म्हणाली. "सायबास्नी पाखडायला न्यायलेय."

तो हसला. मलाही हसू आलं असतं, पण मी मनात वाक्य जुळवीत होतो. 'राहेलबाई, माझी चूक झाली.' चारच शब्द. प्रत्येक बाभळीपाशी ठरवत होतो, पुढच्या बाभळीपाशी बोलू. बाभळी संपल्या. शेवटी तोंडातून निघालं ते असं, "अकराच का पण?"

तिनं पदर डोक्यावर ओढला. मग सांगितलं. तिच्या नेहमीच्या दणक्या आवाजात नाही.

"मानमोडीच्या साथीत नवरा आधी गेला. मंग रूथ तापली. माजी लेक, चार वर्साची. हितंच आनली हुती, आपल्या दवाखान्यात. मला आत येऊ देईनात. मी भायेर व्हरांड्यात कपाळ बडवून घ्यायला लागले. तवा सैपाकघरात एक म्हातारी हुती, तिनं माज्या मांडीवर सूप टाकलं. म्हनली, निवडून दे, लोकं उपाशी हायेत. मी निवडाय लागले. एकेक खडा काडायची आन् म्हनायची, हा निगाला, आता ताप उतरंल. अकरा निगाले."

"मग?"

"बारावा सापडंना. सगळं सूप पालतं घातलं. डाळीत खडाच न्हाई. हात थांबले, मान वर केली, तर नर्स समोर हुबी. तिच्या तोंडाकडं बगूनच मला कळलं. खडे राह्यले असते तर लेक राह्यली असती, असं न्हाई. तेवडं मला कळतं. पन आनखी थोडा येळ तरी मला ठावं नसतं."

मी डोक्यावरचं सूप काढून छातीशी धरलं. वाक्य मात्र तसंच राहिलं.

भागूबाई ओट्यावर बसली होती. पोटावर एक हात. आम्हाला पाहून तिची सासू तिच्याकडे वळून म्हणाली, "आली बग तुजी खडेवाली. संगं चोर धरनारा बी आनलाय."

राहेलबाई माझ्याकडची फुंकणी घेऊन ओट्याच्या पायरीवर बसली. "भागू, चल गं. डॉक्टरबाई वाट बगतीय."

"मी न्हाई येत."

"भ्या वाटतंय?"

"भ्या कवाचं वाटतंय," भागूबाई म्हणाली. "पन तितं बसून मी डाळ निवडत हुते, बाई. मन लावून. म्हनलं, जगते का मरते ठावं न्हाई, पन माज्या हातची डाळ कुना आजाऱ्याच्या तोंडात जाईल तर त्यात खडा नसावा. आन् तुमी खडे टाकून माजी गंमत बगत हुता. मरायला टेकलेल्या बाईची."

राहेलबाईनं मान खाली घातली. तिच्याजवळ खरं उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं. ते दिलं असतं तर पुढे एकाही बाईच्या हातात सूप टिकलं नसतं. मला ते त्या पायरीवर पुरतं समजलं. आणि समजलं की दुसरं उत्तर फक्त माझ्याजवळ आहे.

"तिनं टाकले नाहीत," मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"खडे माझ्या कोठीतले. डाळ नीट निवडून घेतली जात नव्हती. बायका हसायला लागल्या म्हणून मी आळ हिच्यावर घातला. तिच्या खिशात होते ते तुम्ही काढलेलेच. पुन्हा डाळीत पडू नयेत म्हणून तिनं वेगळे ठेवले होते."

राहेलबाईच्या हातातली फुंकणी खाली पडली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

भागूबाई मला निरखत होती. "मंग बाई 'व्हय' का म्हनली?"

"तुमच्यासमोर भांडण नको म्हणून. तुम्ही आजारी होता."

"हितं माज्या ओट्यावर गुपचूप येऊन सांगताय," भागूबाई म्हणाली. "चोर म्हनला तवा तर मोट्यानं म्हनला हुता. सगळ्यांम्होरं. खरं असंल तर तितंच बोला. सगळ्यांम्होरं. तुमी बोलनार असाल तर मी येते."

"बोलतो," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर भागूबाई बैलगाडीत निजून होती, सासू उशाशी. राहेलबाई आणि मी मागून चालत होतो. फाटा येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली. "आता जलमभर हसतील तुमाला, भाऊसाहेब."

"हसू द्या," मी म्हणालो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी लवकर दवाखान्यात गेलो. विहिरीपाशी वाकलो. डाळीएवढे खडे वेचणं वाटतं तेवढं सोपं नाही. कित्येक पसंत पडत नाहीत. अकरा मिळाले, ते धुतले, रुमालानं पुसले. मग कोठीत येऊन तीनदा निवडलेल्या, चष्मा लावून पाहिलेल्या डाळीत ते माझ्या हातानं टाकले. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी माझी डाळ बिघडवीत होतो. ते सूप मी वॉर्डात राहेलबाईच्या हातात दिलं आणि काही बोललो नाही.

मग वॉर्डाच्या मधोमध, त्याच फरशीवर उभा राहिलो. बायका बघत होत्या.

"मला एक सांगायचंय," मी म्हणालो. "परवा इथे उभं राहून मी राहेलबाईंना चोर म्हणालो. ते खोटं होतं. डाळ मी तोलली, छटाकभर कमी नाही. खडे माझ्या कोठीतून येतात. मला ते दिसले नाहीत. तुम्ही निवडता म्हणून इथे कुणाच्या तोंडात खडा जात नाही. तुम्ही निवडत जा. माझ्यावर सोडू नका."

मग ती म्हातारी, जिनं पहिले नऊ खडे काढले होते, ती म्हणाली, "आमी कवापासून म्हनतोय, भिंगं बदला."

सगळ्या हसल्या. राहेलबाई हसली नाही. ती पाठमोरी उभी राहून सूप हलवत होती. त्यात आपले नेहमीचे अकरा खडे सोडून तिनं ते भागूबाईच्या मांडीवर ठेवलं. माझे आधीच त्यात आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं.

भागूबाई निवडायला लागली. मला ऐकू यावं म्हणून एकेक खडा वाटीत टाकताना मोठ्यानं मोजत होती. "पाच. हा बगा सहा. भाऊसाहेब, बगताय न्हवं?" बांगड्यांवर पट्टी बांधून झालेली होती, दार उघडलेलं होतं, पण तिचं लक्ष सुपातच होतं. "धा. अकरा."

राहेलबाई सूप घ्यायला पुढे झाली.

"थांबा की," भागूबाई म्हणाली. "हा बारा."

राहेलबाईचा हात हवेतच राहिला. तिनं वाटीत पाहिलं, मग सुपात, मग वळून माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"तेरा. चौदा. अगं बया, ह्यात डाळ हाय का न्हाई?" भागूबाई निवडत राहिली. एकवीस झाल्यावर तिनं सूप पुढे सरकवलं. "लई वाईट कोटी हाय तुमची, भाऊसाहेब. चला बाई, कुटं जायचं ते."

ती स्वतः चालत आत गेली. राहेलबाई तिचा हात धरून बरोबर गेली आणि दार बंद झालं.

मी व्हरांड्यात बसलो. पलीकडे भागूबाईची सासू तोंडात पदर धरून बसली होती. मी ते सूप घेऊन आलो, अर्धी डाळ एका ताटात काढून तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "आजी, यात एक खडा राहिलाय. सापडतो का बघा." ती निवडायला लागली. मीही लागलो. बावीस टाकले होते आणि एकवीस निघाले होते. मी डाळ एका कडेनं दुसऱ्या कडेला नेत होतो, पुन्हा इकडे आणत होतो. आत काय चाललं असेल याचा विचार डोक्यात आला की डाळ दिसेनाशी व्हायची. मग पुन्हा दिसायची. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

दार उघडलं. राहेलबाई बाहेर आली, सासूजवळ वाकली आणि म्हणाली, "निगाली गाठ. बाई बरी हाय. जा, लांबनं बगून या."

म्हातारी धडपडत आत गेली. राहेलबाई माझ्याजवळच्या पायरीवर बसली. तिच्या मांडीवर काही नव्हतं. खिशात हात नव्हता. दोन्ही तळहात तसेच उघडे पडले होते. इतक्या वर्षांत तिचे हात मी रिकामे पाहिले नव्हते. मोठे, भेगाळलेले हात होते.

माझ्या सुपात कडेला, डाळीच्या रंगाचा, एक खडा दिसला. मी तो उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"बाविसावा," मी म्हणालो. "राहेलबाई, मी तुम्हाला चोर म्हणालो. डाळ तोलली नाही, तुम्हाला विचारलं नाही. वॉर्डात जे बोललो ते त्या बायकांसाठी होतं. हे तुमच्यासाठी. माझी चूक झाली. मला माफ करा."